निळ्या काठावरचा फोकस

मी एक जुनी लेन्स बोलतेय. पन्नास एमएमची, अंगानं आखूड, जपानात घडलेली आणि हदगावात म्हातारी झालेली. माझ्यात मोटार नाही की चिप नाही. आजकालच्या लेन्स घुर्र करून आपल्या आपण माणसाचा डोळा शोधून काढतात. मला मात्र कुणीतरी हातानं फिरवावं लागतं, आणि फिरवाल तिथंच मी बघते.

किशनरावांनी मला नांदेडहून आणलं तेव्हा त्यांचा स्टुडिओ नवा होता. गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवायचं, "हनुवटी जरा खाली" म्हणायचं आणि माझी फोकसची कडी अलगद फिरवून थेट डोळ्यांवर आणून थांबायचं, ही त्यांची रीत. कान धूसर आला तरी चालेल, डोळे शार्प पाहिजेत, यावर ते कुणाचं ऐकत नसत. मलाही त्या हाताची सवय झाली होती.

त्यांची बायको पंचशीला बाजूला पांढरा थर्माकोल धरून उभी राहायची. दिव्याचा उजेड त्यावरून गिऱ्हाइकाच्या तोंडावर पडायचा. अर्ध्या तालुक्याची तोंडं तिनं उजळली, पण ती स्वतः कधी स्टुलावर बसली नाही. कुणी म्हटलं तर म्हणायची, "माझं काय बघायचं त्यात?"

गावात कुणी गेलं की घरचे लोक लग्नातला जुना ग्रुप फोटो घेऊन यायचे. यातलं आमच्या आईचं तोंड तेवढं मोठं करून द्या, म्हणायचे. किशनराव करून द्यायचे आणि वर बजावायचे, "जित्तेपणी एक चांगला फोटो काढून ठेवत जा रे." घरात मात्र दिव्याखाली अंधार. पंचशीलाचा एकटीचा फोटो म्हणजे आधार कार्डावरचा, आणि त्यात तर भली माणसंही चोरासारखी दिसतात.

पुढं रोल गेले, स्टुडिओचा गाळा मोबाईलवाल्याकडे गेला. शुगरनं किशनरावांची नजर नेली. मी घरातल्या काचेच्या कपाटात जाऊन पडले ती वर्षानुवर्षं.

मला बाहेर काढलं ते त्यांच्या मुलीनं, लुंबिनीनं. ती लातूरला लग्नांचे फोटो काढते. तिचा कॅमेरा नवा, मिररलेस. मध्ये एक अडॅप्टर लावला आणि मी त्या परक्या अंगावर घट्ट बसले. पुन्हा उजेड आत आला. खरं सांगते, मला भरून आलं.

त्या कॅमेऱ्यात एक सोय आहे. जिथं फोकस बसतो, तिथल्या कडा पडद्यावर लाल होतात.

"पप्पा, आता अंदाजाचं कामच न्हाई. लाल झालं की दाबायचं," लुंबिनी म्हणाली.

"जिथं गडद काठ दिसंल तिथं ते लाल होणार बाई. तू आपलं डोळ्यात बघत जा."

ती हसली. पोरीचा हात चांगला होता, फक्त घाईचा होता.

यंदाच्या बुद्ध पौर्णिमेला ती घरी आली. पंचशीलाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या आणि डायलिसिससाठी नांदेडच्या खेपा चालल्या होत्या. तरी ती पांढरी साडी नेसून विहारात जाऊन आली, आणि दारातल्या खुर्चीवर टेकली. डोक्यावरून पदर, त्याला निळा काठ.

"माय, अशीच बस. फोटो काढते."

तिच्या बॅगेत दुसरी लेन्स होती, आपली आपण डोळे शोधणारी. पण ती म्हणाली, "पप्पांच्याच लेन्सनं काढते." माझी मान ताठ झाली. आज वाटतं, व्हायला नको होती.

थर्माकोल किशनरावांनी धरला. उजेड कुठं पडतोय ते त्यांना दिसत नव्हतं. "जरा खाली घ्या, डोळ्यात येऊन राहिलं," असं पंचशीलाच त्यांना सांगत होती आणि हसत होती.

मागची भांडी धूसर होऊन दिसू नयेत म्हणून लुंबिनीनं माझं उजेड घेणारं छिद्र पूर्ण उघडलं होतं. तेवढ्या उघड्यावर मला फोकसच्या बोटभर मागचं-पुढचंसुद्धा नीट दिसत नाही. पांढऱ्या साडीवरचा निळा काठ पडद्यावर लालेलाल झाला आणि तिनं बटण दाबलं. मला काठाचा धागा न् धागा दिसत होता. पंचशीलाचा चेहरा मात्र त्याच्या जरासा मागे, धुक्यात होता. केसभर फिरव ग पोरी, एवढंच मला सांगायचं होतं. लेन्सला तोंड नसतं.

"झालं का? मला बसवत न्हाई आता."

"झालं, माय."

छोट्या पडद्यावर सगळं छानच दिसलं. आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू व्हायच्या आधीच पंचशीला गेली.

तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमासाठी फोटो मोठा करायला घेतला, तेव्हा लुंबिनीला कळलं. तिनं एकेक फोटो उघडून पाहिला. सगळ्यांत काठ लख्ख आणि डोळे पुसट. ती तोंडावर ओढणी धरून बसून राहिली. दुसरा धड फोटोच नव्हता, म्हणून तोच फ्रेममध्ये गेला.

किशनरावांनी फ्रेम मांडीवर घेतली, पार नाकाला लावून पाहिली. काचेवरून हात फिरवला.

"डोळे शार्प आलेत ना, बाई?"

"हाव, पप्पा. लई शार्प आलेत."

"मला ठाऊकच होतं," ते म्हणाले. "माझी लेन्स दगा देत न्हाई."

त्या दिवशी तिनं मला कपाटात ठेवलं, त्यानंतर हात लावला नाही. लातूरहून येते, वडिलांना जेवायला वाढते, त्यांच्या डोळ्यांत औषध घालते आणि जाते. कॅमेऱ्याची बॅग उघडतसुद्धा नाही.

लुंबिनी, या घरात तुझ्या वडिलांचाही एकट्याचा फोटो नाही. काचेतून मला ते दिसतात. आत्ता दारात, त्याच खुर्चीवर बसलेत. तोंडावर कोवळं ऊन आहे. मला कपाटातून काढ, नाहीतर ती दुसरी लेन्स लाव, माझं काही म्हणणं नाही. पण फोटो आज काढ.