तीन राण्या टाकल्या दादाने

अगं ऐका, मध्ये कुणी बोलू नका, नाहीतर मला सांगताच येणार नाही.

दादाचा उजवा हात करवतीत सापडला, तेव्हापासून तो हॉस्पिटलात. सुतार माणूस, हाताला काम नसलं की खायला उठतो, आणि खायला समोर मीच. मग म्हणाला, पत्ते आण, तुला पोकर शिकवतो. पैशांच्या जागी कारखान्यातले स्क्रू. तो डाव्या हातात पाच पत्ते पंख्यासारखे धरायचा, पिसायचं काम माझं, आणि निम्मे पत्ते मी कॉटखाली पाडायचे.

जोडी, दोन जोड्या, तीन सारखे, सगळं घोकलं. तरी हरायचे मीच. म्हटलं, तुला माझे पत्ते दिसतात की काय? हसायला लागला.

"पत्ते कशाला बघू? कचरा आला की तुझं तोंड सुरू होतं. चांगले आले की दातखीळ बसते."

खरंच की. कचरा आला की मी नर्सबाईंच्या चपलांपासून पंख्याच्या आवाजापर्यंत काहीही बोलत सुटायचे.

काल डॉक्टरांनी वहिनीला आणि मला बाहेर बोलावलं. बोटं राहतील, पण वळणार नाहीत. वहिनीने विचारलं, रंधा तरी धरता येईल? त्यांनी नुसती नकारार्थी मान हलवली. वहिनी भिंतीला टेकली. म्हणाली, ताप उतरेपर्यंत त्याला कळता कामा नये, तू जा आत, मला नाही जमायचं.

गेले. दादाने विचारलं, काय म्हणाले? म्हटलं, आधी डाव. पत्ते वाटले. मला दुर्री, सत्ती, कशाला काही जुळत नाही. जीभ नुसती वळवळत होती, दाताखाली धरली. आणि होते नव्हते ते सगळे स्क्रू पुढे सरकवले.

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग त्याचा चेहरा असा काही उजळला ना, अगं, काय सांगू. डाव सोडला, पत्ते टाकून दिले त्याने.

"चांगलं सांगितलं ना डॉक्टरांनी?"

मी गप्प.

म्हणाला, दाखव तरी तुझे पत्ते. म्हटलं, तुझाच नियम, टाकणाऱ्याला बघायचा हक्क नाही. खूश झाला, म्हणाला, शिकलीस की. त्याचे पत्ते मी गोळा केले. तीन राण्या होत्या. तीन राण्या टाकल्या त्याने, माझं तोंड बंद होतं म्हणून.

मग फोन मागितला. अर्धवट राहिलेल्या पाळण्याच्या गिऱ्हाइकाला सांगितलं, दुसऱ्या कुणाला देऊ नका, बाळ यायच्या आत मीच पुरा करतो. मला म्हणाला, रंध्याच्या पात्याला तेल लावून ठेव, गंजेल.

लावून आले. हाताला अजून वास येतोय बघा.

सकाळी ताप उतरला. वहिनीचा फोन आला, आता तूच सांग, तुझ्यावर विश्वास आहे त्याचा. दादा पत्ते मांडून वाट बघत बसलाय म्हणे. आणि मी इथे तुमच्यात बसून कधीची बोलतेय, बोलतेच आहे.