आवाजावर चालणारे दिवे

संदेश खोकं काढायला मागे वळला आणि पाठमोराच काहीतरी बोलला. सुजयने काउंटरवरचे दोन्ही हात तसेच ठेवले आणि तो परत वळेपर्यंत चेहऱ्यावर विचार करत असल्याचा भाव धरून ठेवला. हे त्याला आता जमायला लागलं होतं. लगेच उत्तर द्यायचं नाही, भुवया जरा आवळायच्या. बहुतेक माणसं आपणहून प्रश्न पुन्हा विचारतात.

संदेशने विचारला नाही. खोकं हातात धरून तो उत्तराची वाट बघत उभा राहिला.

"अरे, तो विचारतोय," शेजारच्या स्टुलावरून बाबा खेकसले, "पंखे तीन पुरे की सहा?"

"सहा," सुजय म्हणाला.

"सहा पंखे. एका कॉम्प्युटरला. आमच्या अख्ख्या घराला तीन आहेत."

संदेश हसला. त्याची मिशी वरच्या ओठावर चांगली उतरली होती, त्यामुळे तो हसतोय की बोलतोय हे समजायलाच सुजयला क्षणभर वेळ लागत होता. सुजयने दुकान निवडताना सगळा विचार केला होता. हे दुकान मुख्य रस्त्यापासून आत होतं, दुपारी गिऱ्हाईक नसायचं, रेडिओ नसायचा. मिशीचा विचार मात्र त्याने केला नव्हता. आणि बाबांचा तर नाहीच. सकाळी चपला घालताना ते अचानक म्हणाले होते, "मी पण येतो." बाबा आयुष्यात मासळीबाजार आणि जाळ्यांचं दुकान सोडून कुठल्या दुकानात हौसेने गेले नव्हते.

उजवा कान फेब्रुवारीत गेला. बोट बंदराबाहेर नांगर टाकून उभी होती, सुजय इंजिन रूममधली पाळी संपवून झोपला आणि उठला तेव्हा त्या बाजूला काहीच नव्हतं. पुढच्या काही आठवड्यांत डावाही उतरत गेला. आता मोठे आवाज यायचे, शब्द यायचे नाहीत. मुंबईच्या डॉक्टरांनी मज्जातंतूचं काहीतरी सांगितलं. कंपनीच्या डॉक्टरांनी कागदावर एकच शब्द लिहिला: अपात्र. घरी त्याने सांगितलं की बोट मिळायला उशीर होतोय, दिवाळीनंतर बोलावतील.

दिवाळी तोंडावर आली होती. आणि त्याच्या आधी, येत्या रविवारी, वेळणेश्वरहून मुलीकडची माणसं यायची होती. आईने त्यांना काय सांगितलं असेल हे त्याला माहीत होतं. गेलं वर्षभर ती सगळ्यांना तेच सांगत होती. दादू तांडेलाचा मुलगा परदेशी बोटीवर इंजिनियर आहे.

"दादूकाका, पंखे नुसते थंड करायला नाहीत," संदेश म्हणाला. आता तो समोर होता, सावकाश बोलत होता. "यांना लाइट असतात. सगळं एका तालात चालवता येतं. पंखे, रॅम, मागची पट्टी. फक्त सगळं एका जातीचं घ्यायचं. वेगवेगळं घेतलं की एक इकडे लुकलुकतं, दुसरं तिकडे."

"गणपतीच्या मखराला लावतात तसले," बाबा म्हणाले.

"तसलेच, पण..." पुढचं मिशीत गेलं.

सुजयने कॅबिनेट निवडलं, बाजूला काच असलेलं. ग्राफिक्स कार्ड त्याने आधीच ठरवून आणलं होतं. जहाजांची ड्रॉइंग काढायचं काम घरबसल्या मिळतं, असं एका जुन्या सोबत्याने लिहिलं होतं, आणि त्यालाही तसलंच कार्ड लागतं. ते त्याने बाबांना सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं, तर बोटीवर जाणारा माणूस घरबसल्याचं काम कशाला शोधतो, हाच पहिला प्रश्न आला असता.

तो प्रश्न तसाही आला.

"महिन्याभरात बोटीवर जाणार ना तू?" बाबांनी अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असं विचारलं. "मग हे डबडं इथे कोण वापरणार? तुझी आई?"

"सुट्टीवर आलो की वापरेन."

बाबा त्याच्याकडे बघत राहिले. वाऱ्याचा अंदाज घेताना ते असंच बघायचे, पापणी न हलवता. सुजयने पंख्याचं खोकं उचललं आणि त्याच्या पाठीमागचं बारीक छापलेलं वाचायला लागला.

त्याला जे विचारायचं होतं, ते बाबा तिथून उठल्याशिवाय विचारणं शक्य नव्हतं. त्याने वाट पाहिली. बाबा उठले नाहीत. संदेश काउंटरवर बोटं वाजवायला लागला; ती वाजताना दिसत होती. शेवटी सुजयने आवाज शक्य तेवढा सहज ठेवला. आपला आवाज हल्ली कधी फार चढतो, कधी पडतो, हे त्याला लोकांच्या चेहऱ्यावरून कळायचं.

"हे लाइट आवाजावर चालतात?"

"गाण्यावर नाचतात तसे? हो की."

"तसे नाही. खेळात डावीकडे आवाज झाला तर डावीकडचे लागले पाहिजेत. उजवीकडे झाला तर उजवीकडचे."

संदेशने मान वाकडी केली. "म्हणजे पाऊल वाजलं, की त्या बाजूचा दिवा?"

"हां."

"होईल. सॉफ्टवेअर आहे तसं. पण मग स्वस्तातले पंखे चालणार नाहीत, ते सगळे एकदम पेटतात. एकेक दिवा वेगळा चालणारे घ्यावे लागतील, आणि स्क्रीनच्या मागे दोन पट्ट्या, दोन अंगांना. पण कशाला? हेडफोन लावला की कळतंच ना, पाऊल कुठून वाजलं ते."

एवढं साधं उत्तर आपण तयार करून कसं आणलं नाही, असं सुजयला वाटलं. रात्ररात्र तो जुन्या सोबत्यांबरोबर फोनवर असाच एक बंदुकीचा खेळ खेळायचा, आणि प्रत्येक वेळी उजवीकडून कुणीतरी येऊन त्याला मारून जायचं. सोबती आधी हसले, मग त्याला घेईनासे झाले. पण हे काही सांगण्यासारखं नव्हतं.

"आवडतं म्हणून," तो म्हणाला.

"दिवा लागायला वेळ किती?"

हे बाबांनी विचारलं होतं. ते स्टुलावरून उठून काउंटरशी आले होते.

"काय काका?"

"आवाज झाला, की दिवा कधी लागतो? मागाहून लागून उपयोग काय?"

"लगेच लागतो."

"तू म्हणतोस लगेच. करून दाखव."

संदेशने खांदे उडवले आणि कोपऱ्यातल्या शोकेसमधलं मशीन चालू केलं. काचेच्या आत पंखे निळे झाले, मग जांभळे, मग सगळा प्रकाश एका बाजूने दुसऱ्या बाजूला भरतीच्या पाण्यासारखा सरकला. तो बराच वेळ बटणं दाबत राहिला. बाबा हाताची घडी घालून उभे होते. मग दिवे विझले. पडद्यावर पडक्या घरांचं एक शहर आलं, आणि संदेशने माउस सुजयपुढे सरकवला.

सुजय चालायला लागला. भिंत, जिना, रिकामी गल्ली. काहीच नव्हतं; गेल्या आठ महिन्यांत असायचं तसंच. मग स्क्रीनच्या उजव्या कडेला मागून एक लाल चमक उठली, विझली, परत उठली. विचार करायच्या आधीच त्याचा हात वळला. भिंतीआडून माणूस बाहेर आला तेव्हा सुजयची बंदूक त्याच्यावर रोखलेली होती.

डावीकडे चमकलं. तो डावीकडे वळला. उजवीकडे. पुन्हा उजवीकडे. मागच्या बाजूने कुणी आलं नाही, कुणाला येताच आलं नाही. त्याने माउस सोडला आणि हात खिशात घातला.

त्याने बाबांकडे पाहिलं. बाबा दिव्यांकडे बघत नव्हते. ते त्याच्याकडे बघत होते.

यानंतरचं सगळं भराभर झालं. मदरबोर्ड, पॉवर सप्लाय, दिव्यांचा कंट्रोलर. संदेश एकेक वस्तू काउंटरवर मांडत गेला. सुजय मान हलवत गेला. एकदा संदेश काउंटरखाली वाकला, आणि सुजय कॅबिनेटची काच निरखत असल्यामुळे तो काय बोलला हे त्याला दिसलंच नाही. त्याने वर पाहिलं तेव्हा काउंटरवर हेडफोनचं चकचकीत खोकं होतं, आणि बाबांचा जाड, जाळ्याच्या दोरीने कातरलेला हात त्या खोक्यावर होता. ते खोकं मागे सारत होते.

बाबा संदेशशी बोलत होते, पण तोंड अर्धं सुजयकडे वळलेलं होतं. आवाज चढवलेला नव्हता. सुजयने ते ओठांवरून वाचलं.

"नको. फुकट असला तरी नको. त्याच्या बदली आणखी एक पट्टी दे. टेबलाच्या उजव्या अंगाला लागेल."

उजव्या कानाबद्दल सुजयने कुणाला सांगितलं नव्हतं. दोन डॉक्टर सोडले तर ते कुणालाच माहीत नव्हतं.

सामान जोडून संध्याकाळी देतो, असं संदेश म्हणाला. दोघे बाहेर आले. रिक्षावाला समोर थांबला, बाबांनी त्याला हातानेच जायला सांगितलं. मग ते सुजयला दंडाला धरून बंद शटरच्या आडोशाला घेऊन गेले. तिथे वाहनांची घरघर कमी होती. त्यांनी त्याला आपल्यासमोर उभं केलं.

"कधीपासून माहीत आहे तुम्हाला?" सुजयने विचारलं.

"तू आलास त्या दिवसापासून. फलाटावर मी मागून हाका मारतोय, आणि हमालसुद्धा वळून बघतायत, तू नाय." बाबा शब्द तोडून बोलत होते. "आमच्या होडीवरचा इंजिनवाला बहिरा झाला तेव्हा अशीच मान वाकडी करायचा. मला कळत नाय होय?"

"मग बोलला का नाही?"

"वाट बघितली. तू सांगशील."

सुजय खाली बघायला लागला. बाबांनी त्याच्या हनुवटीला बोट लावून तोंड वर केलं, लहानपणी करायचे तसं, जरा दांडगाईने.

"मला वाटलं तुम्ही रागावलायत," सुजय म्हणाला. "सकाळपासून. मागच्या महिन्यापासून. सारखे ओरडताय माझ्यावर. घरात, दुकानात."

"मग काय करू? हळू बोललो तर तुला पोचत नाय."

एक एसटी वळणावरून गेली.

"आईला?" सुजयने विचारलं.

"तिला ठाऊक नाय. मी सांगायचा नाय." बाबांनी चेहरा पुसला. "रविवारी माणसं येतायत. त्यांच्यापुढे ती बोटीचं बोलेल, तू मान हलवशील, आणि एका पोरीचं नुकसान होईल. ते मी होऊ द्यायचा नाय. पण माझ्याकडून कळलं, तर आपल्या पोराने आपल्याला परकं केलं, हे तिच्या मनातून जायचं नाय. तू सांग. आज."

घरी पोचले तेव्हा बाबा पायरीवरच बसले. आत आले नाहीत.

आई स्वयंपाकघराच्या मागच्या पडवीत पाटावर बसून बांगडे कापत होती. तिची पाठ दाराकडे होती, शेजारी नळाखाली बादली भरत होती. सुजय दारात आला तशी तिला चाहूल लागली. ती बोलायला लागली. तिचे खांदे हलत होते, मान मधूनच झुकत होती. रविवारचंच काहीतरी असणार. एरवी तो अशा वेळी "हं" म्हणायचा, आणि तिची मान वर आली की पुन्हा एकदा "हं". तेवढ्यावर त्यांचं आठ महिने चाललं होतं.

आता तिची मान वर आली. तो "हं" म्हणाला नाही.

ती पुढे बोलत राहिली. पुन्हा थांबली. मग सुजय पडवीत उतरला, तिला वळसा घालून समोर गेला आणि नळ बंद केला.

"आई, तू आत्ता काय बोललीस ते मला कळलं नाही."

तिचे ओठ हलले. "अरे, रविवारी जेवायला..."

"ते नाही." त्याला वाटलं आपला आवाज फार चढलाय, पण त्याने तो खाली आणला नाही. "तू पाठमोरी बोललीस की काहीच कळत नाही. काल बोललीस तेही नाही. बोटीवरून आल्यापासून नाही. मी नुसता हो म्हणतोय."

तिने त्याच्याकडे पाहिलं, मग मागे वळून घरातून आरपार दिसणाऱ्या पुढच्या दाराकडे. तिथे बाबांची पाठ दिसत होती. ती पाठ हलली नाही. आई रागावलीये, घाबरलीये, की अजून तिला समजलंच नाही, हे आवाजावरून ओळखायची काही सोय नव्हती. सुजय तिच्या तोंडाकडे बघत उभा राहिला.

तिने विळी आडवी केली. बादलीत हात धुतले, पदराला पुसले, आणि भिंतीला टेकवलेला दुसरा पाट ओढून अगदी आपल्यासमोर मांडला.

"बस," ती म्हणाली. "आणि पहिल्यापासून सांग."