बोटभर उंच

अल्जीरियाच्या सीमेलगतच्या ऐन लौझा गावातल्या शाळेतलं मुलींचं वसतिगृह चालू ठेवायचं की बंद करायचं, हे ठरवायला वरच्या कार्यालयातून लमजदसाहेब येणार होते. आमच्याकडे साहेब येणार म्हटलं की रस्ता झाडतात, भिंतींना चुना लावतात आणि खुर्च्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून उसनी माणसंही आणून बसवतात. मुख्याध्यापिका वसीला मॅडमनी तेच केलं. डोंगरातल्या वस्त्या पालथ्या घातल्या आणि सातवी-आठवीतून गळालेल्या पोरी ऑलिव्हच्या झाडांना लावलेल्या शिड्यांवरून खाली उतरवल्या. ऐन तोडणीत बाप सोडायला तयार नव्हते. एका दिवसापुरत्या द्या म्हणून मॅडमनी त्यांच्या मिनतवाऱ्या केल्या आणि शाळेचे निळे अंगरखे इकडून तिकडून मागून आणले.

यातल्या निम्म्या पोरी बस बंद झाली तेव्हा घरी बसल्या होत्या, उरलेल्या वसतिगृहातल्या खाटा कमी केल्या तेव्हा. भरलेला वर्ग बघून साहेबाला लाज वाटेल, वसतिगृह वाचेल, असा मॅडमचा भाबडा हिशेब होता. सरकारी माणसाला लाज वाटेल म्हणे!

साहेब आले ते खुशीतच. कॉफी पिता पिता त्यांनी एक रंगीत तक्ता उलगडला. सहावीनंतरच्या तीन वर्षांत सरकार एका मुलामागे किती खर्च करतं, याची आपल्या देशाची आणि डोंगरापलीकडच्या अल्जीरियाची तुलना त्यात होती. तक्त्यात आपल्या जिल्ह्याच्या खर्चाचा खांब सीमेपलीकडच्या जिल्ह्याच्या खांबापेक्षा बोटभर उंच होता. राजधानीत फार कौतुक झालं, असं साहेब दोनदा म्हणाले. मॅडमना कळेना. पलीकडे पोरींना न्यायला बस येते, दुपारी गरम जेवण मिळतं, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. निम्म्या घरांतल्या आत्या-मावश्या तिकडेच दिलेल्या आहेत. मग आपला खांब उंच कसा?

ते वर्गाच्या दारात कळलं. खचाखच भरलेली बाकं बघून साहेबांचा चेहरा उतरला. मॅडमनी मोठ्या उमेदीनं सांगितलं, की वसतिगृह राहिलं तर या सगळ्या परत येतील. साहेबांनी त्यांना बाजूला घेतलं.

"काय करून बसलात मॅडम? पैसे ठरलेले आहेत. डोकी वाढली की एकामागचा आकडा खाली येतो. या सगळ्या पटावर आल्या तर आपण शेजाऱ्याच्या खाली जाऊ. गोडीनं घरी पाठवा त्यांना."

मॅडमच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वीस वर्षं त्या एकेका पोरीसाठी बापांशी भांडल्या होत्या, आणि इथं पोरगी गळाली की खांब वाढत होता.

"मग एकच पोरगी ठेवा ना शाळेत," त्या म्हणाल्या. "जगात पहिला नंबर येईल तुमचा. आणि तीही आजारी पडली तर मिठाई वाटा."

साहेब म्हणाले, धोरण वरून येतं, माझ्या हातात काही नाही. वसतिगृह महिनाअखेर बंद होईल, हे सांगायला मात्र ते विसरले नाहीत.

दार उघडंच होतं. पोरींनी सगळं ऐकलं होतं. त्या घरी जायला उठून उभ्या राहिल्या. मॅडमना त्यांच्या या ऐकून घेण्याचाच जास्त राग आला. पुढच्या बाकावरची दलेंदा अंगरख्याची बटणं काढत होती. ऑलिव्ह तोडून बोटं काळी पडलेली.

"मॅडम, आमच्यामुळे आपण हरलो का?"

साहेबाला सुनावण्यासारखं मॅडमकडे अजून पुष्कळ होतं. ते सगळं सोडून त्या पुढे झाल्या आणि तिची बटणं एकेक करून परत लावली.

"हरू दे," त्या साहेबाला नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "आज कुणी घरी जायचं नाही. एका खाटेवर दोघी दोघी झोपा. तुमच्या बापांशी मी बोलते. आणि दलेंदा, उद्या तुझ्या धाकट्या बहिणीलाही बोलावून घे."