बॉनेटवरचा शेंदूर

"वहिनी, उघड्या पत्र्याला बोट लावायचं नाही हं. बोटालाही तेल असतं, त्यावर रंग धरत नाही." रुचिरने पहिल्याच रविवारी बजावलं होतं. "नाही लावणार," असं मी म्हटलंही होतं.

रुचिर इथल्या विद्यापीठात संशोधन करतो. त्याला आणि माझ्या यजमानांना, हेमचंद्रांना, एकच वेड. शहराच्या टोकाला सेम्बावांगला, को नावाच्या चिनी अंकलच्या शेडमध्ये जाऊन हॉट रॉड बांधायची. म्हणजे नव्वद वर्षांपूर्वीची गाडी घ्यायची, छत चार बोटं कापून खाली आणायचं, मडगार्डं काढून चाकं उघडी ठेवायची. मला आधी वाटलं, चांगल्या गाडीची ही काय विटंबना! पण अंकलनी चाळीस वर्षं गोदीत वेल्डिंग केलेलं. छत कुठे जोडलंय ते हात फिरवूनही कळत नाही म्हणे. मी काही हात फिरवला नव्हता.

दसऱ्याला डबा घेऊन गेले तर तिघे हॉकर सेंटरवर, म्हणजे जवळच्या खाण्याच्या टपऱ्यांवर, कॉफीला गेलेले. बॉनेट रुचिरने थिनरने पुसून कागदाने झाकून ठेवलं होतं. दसरा, आणि गाडीची पूजा नाही? मनाला पटेना. मी कागद उचलला, सोबत आणलेल्या, तेलात कालवलेल्या शेंदराने छोटंसं स्वस्तिक काढलं, नमस्कार केला. आणि मग रुचिरचं बोलणं आठवलं. घाईघाईने ओढणीने पुसलं, कागद होता तसा ठेवला.

जेवणानंतर रुचिरने रंगाआधीचा प्रायमर मारला. बघता बघता मधोमध तो फाकला, माशाच्या डोळ्यांसारखे खळगे पडले.

"यू नेव्हर वाइप, इज इट?" अंकल म्हणाले.

"टू टाइम्स, अंकल."

"टू टाइम्स वाइप व्हॉट? एअर, आह?" अंकलनी त्याच्या हातातली स्प्रेगन काढून घेतली. "नेक्स्ट टाइम आय डू मायसेल्फ लाह."

"संशोधक आहे तो, आधी पेपर लिहील, मग पुसेल," हेमचंद्र म्हणाले आणि स्वतःच हसले. रुचिर हसला नाही. त्या खळग्यांत मला स्वस्तिकाच्या चारही भुजा दिसत होत्या. मी खाली मान घालून डबे विसळत राहिले.

खोटं बोलायचं नाही, हा माझा लग्नाआधीपासूनचा नेम. खोटं बोललेच नव्हते मी. कुणी विचारलंच नव्हतं. पण रोज सकाळी माळ हातात घेतली की तिसऱ्या-चौथ्या मण्याला बोटं थांबायची. पुढच्या रविवारी रुचिर शेडवर गेलाच नाही. "पेपर लिहितोय," असा निरोप आला.

मी त्याला फोन करून सगळं सांगितलं.

"गन उघडून धुतली, थिनरचा डबा बदलला, वहिनी. शेवटी वाटलं, आपलाच हात वाईट."

"जाऊ द्या. अंकलना कशाला सांगताय आता?"

"सांगणार. या रविवारी, तुझ्यासमोर. आणि ते बॉनेट मीच घासणार."

"बांगड्यांचे ओरखडे पडतील," तो म्हणाला. आवाजात थोडंसं हसू होतं.

रविवारी माळ पूर्ण केली. हेमचंद्रांना आदल्या दिवशीच सांगितलं होतं; ते अजून झोपले होते. हिरव्या बांगड्या कोपराकडे सरकवून वर रुमाल घट्ट बांधला, पॉलिश पेपरची गुंडाळी पिशवीत टाकली आणि दार हळूच ओढून घेत लिफ्टकडे निघाले.