जिन्यासह एक हजार चार मीटर

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी शाळेच्या फाटकावर पहिलीच्या प्रवेशाची यादी लागली. मोजणीदाराच्या मुलीचे नाव नाकारलेल्यांत होते. पुढे कारण छापले होते: अंतर १००४ मीटर.

नियम एक किलोमीटरचा. त्याच्या आत राहणाऱ्यांना प्रवेश, बाकीच्यांनी दुसरी शाळा बघायची. दुसरी शाळा साडेचार किलोमीटरवर, ट्रकांच्या रस्त्यापलीकडे.

आकडा मोजणीदाराचा स्वतःचाच होता. वीस वर्षे लोकांच्या जमिनी मोजणाऱ्या माणसाला 'घरापासूनचे अंतर' हा रकाना अंदाजाने भरवेना. एका रविवारी त्याने कचेरीतले मोजणीचे चाक आणले आणि शाळेच्या फाटकापासून आपल्या राहत्या इमारतीच्या दारापर्यंत फिरवले. ९९३ मीटर. मग टेप घेऊन दुसऱ्या मजल्यापर्यंत जिना मोजला. अकरा. घर उंबऱ्याशी सुरू होते, असे त्याचे म्हणणे.

"जिना कोणी मोजतं का हो?" बायको यादीसमोरच म्हणाली. ती दवाखान्यात परिचारिका. अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली होती. "त्यांनी अंतर विचारलं होतं, तुमचं इमान नव्हे."

तिने घरी फोन लावला, तर सासूबाई म्हणाल्या, "पोरीला खालच्या पायरीवर झोपवली असती, तरी पहिलीत गेली असती."

त्याच इमारतीत, एक मजला वर, केशकर्तनालयवाला राहतो. त्याच्या मुलाला प्रवेश मिळाला. तोही फाटकाशी उभा होता आणि नजर चुकवत होता.

"भाऊ, तू काय लिहिलं होतंस?" मोजणीदाराने विचारले.

"एक किलोमीटरच्या आत. मी केसही अंदाजानेच कापतो, दादा. अंतर कुठून मोजणार?"

अकरा वाजता शाळेच्या कार्यालयाची खिडकी उघडली. मोजणीदाराने कारकुनाला सांगितले, की रस्त्याचे अंतर ९९३ आहे, अकरा मीटर जिन्याचे आहेत.

"सहीनिशी भरलेला आकडा बदलता येत नाही."

"मग शाळेने मोजून बघावं."

"शाळा मोजत नाही. पालक सांगतात ते आम्ही धरतो."

"म्हणजे ज्यांनी मोजलंच नाही ते आत, आणि ज्याने मोजलं तो बाहेर?"

"साहेब, मी नियम केलेला नाही." कारकुनाने एक कागद पुढे सरकवला. "आक्षेप घ्या. पाचपर्यंत. कुठल्या विद्यार्थ्याविरुद्ध ते रकाना सातमध्ये लिहा. त्याचं अंतर चुकीचं निघालं की जागा रिकामी होईल. मग तुमचा विचार करू."

"तेव्हा जिना धरणार?"

"तुमचा धरला, तर त्यांचाही धरावा लागेल."

वरच्या मजल्याचा जिना साडेपाच मीटर जास्त होता. मोजणीदाराला ते टेप न लावताही माहीत होते.

दोघे नवराबायको व्हरांड्यातल्या बाकावर कागद घेऊन बसले.

"लिहा नाव," बायको म्हणाली. मग तिनेच पेनाला टोपण लावले. केशकर्तनालयवाल्याचा मुलगा रोज दुपारी त्यांच्याकडे जेवतो. भाजीतले टोमॅटो वेचून मुलीच्या ताटात टाकतो. "नाही, थांबा. म्हणजे शाळेने हात झटकायचे आणि शेजाऱ्यांनी एकमेकांच्या पोरांचे पाय ओढायचे? फाटकापासून चार पावलं चालायला यांच्यातल्या कोणाचे गुडघे दुखतात, ते तरी विचारा!"

कारकुनाने खिडकीतून वर पाहिले आणि पुन्हा मान खाली घातली.

चार वाजून चाळीस मिनिटांनी मोजणीदाराने कागद खिडकीत दिला. रकाना सातमध्ये त्याने स्वच्छ अक्षरात लिहिले होते: 'विद्यार्थी नाही. एकही अंतर न मोजणाऱ्या शाळेविरुद्ध.' सोबत रस्त्याचा नकाशा, मापांसह.

"याची सोय नाही," कारकून म्हणाला.

"मग तसं लिहून द्या."

कारकून कागद घेऊन आतल्या खोलीत गेला. पाच वाजता खिडकीची झडप खाली आली. पोच मिळालेली नाही. शाळा सोमवारी सुरू होते. मुलीने नवे दप्तर दोन दिवस पाठीवरून उतरवलेले नाही.