उशाखालचा कोयता

मित्रांनो, मी एक जुना कोयता आहे. दचकलात ना? मला ठाऊकच होतं. हल्ली माझं नाव काढलं की माणसं एक पाऊल मागं सरकतात. शहरातली चार टवाळ पोरं माझ्या भाऊबंदांना घेऊन गाड्यांच्या काचा फोडत फिरतात, त्याच्या बातम्या येतात आणि बदनामी मात्र माझी होते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. म्हणून आज मी माझी हकीकत सांगणार आहे, आणि ती खाली मान घालून सांगणार नाही. मला मान नाही, मूठ आहे. तर मूठ घट्ट आवळूनच सांगतो.

गेवराईच्या बाजारात माझा जन्म झाला. एका मोडक्या ट्रकचा पाटा सटवा लोहारानं भट्टीत लाल केला. तो सांडशीत धरायचा आणि त्याची बायको घण घालायची. मग मला पाणी दिलं, धार लावली आणि बाभळीची मूठ बसवली. वत्सलाबाईचं तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं. उमापूरजवळच्या वस्तीवरून ती नवऱ्याबरोबर, म्हणजे आसारामबरोबर, बाजाराला आली होती. तिनं पाच कोयते हातात तोलून पाहिले आणि मला उचललं.

"ह्यो बसला बगा हातात," ती म्हणाली. माझं पहिलं कौतुक ते.

दसरा झाला की आमची टोळी ऊस तोडायला निघायची. निघण्याआधी मुकादम मोजणी करायचा. पण तो माणसं मोजत नसे, कोयते मोजायचा. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. दोघांच्या हातात दोन कोयते असले तरी मोजणीत एकच. माणसांना अवजाराच्या नावानं मोजावं हे मला कधी पटलं नाही. पण आता मोजताच आहात, तर माझ्या नावाची लाज कशाला बाळगता? हा प्रश्न मी पुढं एका जागी मनातल्या मनात फार जोरात विचारला. ते सांगतोच.

ऊस तोडणं म्हणजे दिसेल तिथं घाव घालणं नव्हे. बुडाशी, अगदी जमिनीला लागून तोडावा लागतो, कारण बुडख्यातच गोडी जास्त. वत्सलाबाई एका घावात ऊस आडवा करायची, दुसऱ्या घावात शेंड्याचं हिरवं वाढं उडवायची. पहाटेच्या थंडीत पाचटानं, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्यानं, तिचे हात कापायचे. पण तिच्या फडात बोटभरसुद्धा खुंट उभा दिसायचा नाही. "बाईनं रान सारवल्यावानी तोडलंय," असं एक शेतकरी म्हणाला होता. त्यात अर्धा वाटा माझा होता, हे मी आज सांगून टाकतो.

फडाशेजारच्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या खोपटात, सत्यशीला जन्मली. पाचवीला पाट्यावर हळदकुंकू वाहून माझी पूजा झाली आणि मग मला बाळाच्या उशाखाली ठेवलं. लेकराजवळ लोखंड असलं की त्याला भय नसतं, असं आपल्याकडं मानतात. तेव्हापासून मी वत्सलाबाईच्या उशाखालचा झालो. कोपीला दार नसे. कुत्री यायची, साप निघायचे. माझ्या मुठीवर हात ठेवल्याशिवाय तिचा डोळा लागायचा नाही.

सत्यशीला वसतिगृहात राहून शिकली. पुण्याला एका मोठ्या कचेरीत लागली. तिचं युवराजशी लग्न झालं, शिवकन्या झाली. बस्तान नीट बसल्यावर तिनं आईबापांना सांगितलं, "आता फड बंद. तुम्ही घरी बसायचं." चांगलंच सांगितलं. पण त्या दिवशी मला पत्र्याखालच्या आढ्यात खोचलं आणि तीन दसरे मी तिथंच काढले. खंडेनवमीला तेवढी हळदकुंकवाची बोटं लागायची. बाकी वर्षभर मी आणि पाली. अंगावर तांबूस गंज चढला. मला राग यायचा, पण आढ्यात खोचलेल्याचा राग कोण विचारतो?

गेल्या जानेवारीत सव्वीस तारीख सोमवारी आली. जोडून सुट्ट्या मिळाल्या म्हणून शनिवारी सत्यशीला, युवराज आणि आठ वर्षांची शिवकन्या नव्या पांढऱ्या गाडीतून वस्तीवर आली. रविवारी सगळ्यांनी हुरडा खाल्ला. खाता खाता शिवकन्येनं विचारलं, "आबा, आपली बाग कुठंय? आई सगळ्यांना सांगते, तुम्ही बागायतदार आहात."

आसाराम हसायलाच लागला. "कशाची बाग, बाई? दीड एकर कोरडवाहू हाय आपलं. आमी तर ऊस..."

सत्यशीलानं एकदम खाली पाहिलं. तिचे कान लाल झाले होते. वत्सलाबाईनं ते बरोबर हेरलं आणि नवऱ्याला मधेच तोडलं. "ऱ्हाऊ द्या की. लेकराला अजून हुरडा द्या."

लेकीनं पुण्यात आपल्याला काय करून ठेवलंय, ते त्या माउलीला कळलं. ती पुन्हा कणसं चोळायला लागली. मला मात्र आढ्यात बसल्या बसल्या असा संताप आला की गंज झडून पडतो की काय असं वाटलं.

सोमवारी सकाळी वत्सलाबाई आठ दिवसांसाठी लेकीकडं निघाली. आसाराम शेळ्यांसाठी मागं राहणार होता. तिनं गाठोडं बांधलं: शेंगा, बाजरीचं पीठ, तिळाची चटणी. आणि मित्रांनो, बांधता बांधता तिचा हात सरळ वर आढ्याकडं गेला. मला काढलं, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलं आणि गाठोड्यात तळाशी घातलं. तीस वर्षं ती माझ्याशिवाय गाव सोडून कधी गेलीच नव्हती. गाव सोडायचं म्हणजे कोयता घ्यायचा, हे तिच्या हाताला पाठ होतं. नवी गाडी, पुणं, फ्लॅट, हे हाताला काय माहीत?

गाडी शेवगावावरून नगरच्या रस्त्याला लागली. वत्सलाबाईला गाडी लागली, मग युवराजनं काचा खाली केल्या. उसाचा ट्रॅक्टर दिसला की ती मान वळवून बघायची. "मोळी ढिली बांधलीया," ती एकदा पुटपुटली. सत्यशीला मोबाइलमध्ये बघत राहिली.

सुट्टी संपवून अख्खं जग पुण्याला परत निघालं होतं. दुपार कलताना, पुणं थोडं राहिलं असता, नाकाबंदी लागली. हवालदारानं डिकी उघडायला लावली. गाठोडं हलवताच मी खणकन वाजलो. त्यानं लुगडं सोडलं आणि मला वर धरलं. कितीतरी दिवसांनी अंगावर ऊन आलं, पण भोवतालची माणसं माझ्याकडं साप बघितल्यासारखी बघत होती.

"कोयता? कोणाचा आहे हा?" हवालदारानं विचारलं.

युवराज घाबरला. "साहेब, आमचा नाही. म्हणजे कसा आला कळत नाही. जुनं भंगार आहे, ठेवून घ्या तुम्ही."

भंगार! तीन दसरे आढ्यात काढले, पण तेवढं कुणी बोललं नव्हतं.

"नाही ना तुमचा? मग जमा करा आणि निघा," हवालदार म्हणाला. इतकं सोपं होतं. एक 'नाही' म्हणायचं आणि सुटायचं.

तेवढ्यात मागच्या गाडीतून भगवानराव उतरले. सत्यशीलाच्या सोसायटीत ते वरच्या मजल्यावर राहतात. "सत्यशीला मॅडम, काय झालं? कोयता? तुमच्याकडे?" त्यांनी मोठ्यानं विचारलं. आजूबाजूच्या दोघांनी मोबाइल वर केले.

वत्सलाबाई हळूच गाडीतून उतरली. "मपला हाय सायेब. आन् भंगार न्हाई त्यो."

"कशाला आणलात, आजी?"

"निजायला."

माणसं फिस्सकन हसली. वत्सलाबाई हसली नाही. "उशाखाली लागतो. तीस वरसं ऊस तोडला ह्याच्यावर. ह्याच्याबिगर डोळा लागत न्हाई."

हवालदार सत्यशीलाकडं वळला. "या कोण तुमच्या?"

आता ऐका. सत्यशीलानं तोंड उघडायच्या आतच वत्सलाबाई बोलली. भगवानरावांकडं तिनं एकदा पाहिलं, डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि म्हणाली, "म्या त्यांची कुणी न्हाई सायेब. कामाला चाललेय त्यांच्याकं. त्यांना जाऊ द्या."

लेकीची लाज राखायला आईनं स्वतःलाच पुसून टाकलं. माझ्या पोलादाला त्या क्षणी काय झालं ते मला सांगता येणार नाही. माझ्या नावाची लाज कशाला बाळगता, हा तो प्रश्न मी तेव्हाच विचारला. मला तोंड असतं तर तो रस्ता दणाणला असता. पण मला ओरडावं लागलं नाही.

"माय!" सत्यशीला ओरडली. पुण्यात तिच्या तोंडून हा शब्द त्याआधी कुणी ऐकला असेल असं मला वाटत नाही. "खोटं कावून बोलतीस? साहेब, ही माझी माय हाय. ऊसतोड कामगार हाय. माझा बापबी ऊसतोडच. ह्या कोयत्यावर मी शिकले. लिहून घ्या, सगळं लिहून घ्या." मग भगवानरावांकडं वळून म्हणाली, "काका, आमची बाग नाही. कधीच नव्हती. मी खोटं सांगत होते."

मोबाइल खाली आले. हवालदारानं वत्सलाबाईला हात पुढं करायला सांगितला आणि तळव्यावरचे घट्टे बराच वेळ पाहिले. मग नाव, गाव, फोन नंबर लिहून घेतला. "नीट बांधून ठेवा. घरी पोचेपर्यंत गाठोडं उघडायचं नाही," एवढंच तो म्हणाला. भगवानराव आपल्या गाडीत जाऊन बसले.

मला लुगड्यात परत बांधलं ते युवराजनं. "मामी, चुकलं माझं."

"घाबरलं की मानूस कायबी बोलतंय, जावाईबापू," वत्सलाबाई म्हणाली. तिनं माफ केलं. मी अजून केलेलं नाही, पण करीन.

पुण्यात आठ दिवस मी पुन्हा उशाखाली राहिलो. आठव्या दिवशी निघताना वत्सलाबाईनं उशी उचलली, तर मी तिथं नव्हतो. मी सत्यशीलाच्या हातात होतो. तिनं माझा गंज घासून काढला होता आणि खोबरेल तेल लावलं होतं.

"माय, ह्याला हितंच ऱ्हाऊ दे."

"आन् मला झोप?"

"तुला घरी आबा हायेत. मलाच लई वरसं नीट झोप न्हाई."

वत्सलाबाईनं तिच्या तोंडावरून हात फिरवला. माझ्या मुठीवरूनही फिरवला. मग गाठोडं उचललं आणि ती निघाली. संध्याकाळी आसारामचा फोन आला, तेव्हा त्याचा आवाज मलाही ऐकू आला. "कोयता न्हाई दिसत गाठोड्यात. ही इसरली व्हय तिकडं?"

मागून वत्सलाबाईचा आवाज आला. "इसरले न्हाई. लेकीला दिलाय."

तर मित्रांनो, आता मी बैठकीच्या खोलीत, उंच खुंटीला, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतो. मुलांचा हात पोचत नाही, ते बरंच आहे. माझी धार खेळायची गोष्ट नाही. माझ्यासारखी जुनी अवजारं तुमच्याही घरात कुठंतरी आढ्यात, पोटमाळ्यावर पडली असतील. त्यांना खाली काढा, पुसा, तेलाचं बोट लावा. आणि तेवढ्यावर थांबू नका. ती कुणाच्या हातात होती ते विचारा, आणि चारचौघांत मोठ्यानं सांगा. तेल नसलं तर एक वेळ चालेल, पण नाव दडवलेलं मला चालणार नाही.

परवा भगवानराव चहाला आले होते. बराच वेळ माझ्याकडं बघत होते. नाकाबंदीत सगळं ऐकलेलं असूनही शेवटी त्यांनी विचारलंच, "हा कोणाचा?"

सत्यशीला चहा ओतत होती. तिच्या आधी शिवकन्याच ओरडली, "माझ्या आजीचा!"