मधल्या तोंडाचं काय झालं

डावं पान

थोरलीने तीन तोंडांचा ड्रॅगन रंगवायला घेतला, तेव्हा तोंडं कुणाची काढायची हा प्रश्नच नव्हता. घरात भावंडं तीन. डावीकडच्या तोंडाला तिने स्वतःचं नाक दिलं. उजवीकडच्याला धाकटीचे कायम पेंगुळलेले डोळे. मधलं तोंड भावाचं. गोष्ट त्यानेच लिहिलेली होती आणि जन्मात कधी न मिटलेली जिवणीही त्याचीच. चित्र चांगलं दोन पानं भरून. खवले रंगवता रंगवता तिची मान धरली.

उजवं पान

छापखाना धाकटीचा. तिने नमुना प्रत शिवून आणली. यंत्रावर कागद चढलेला, मुलांचं पुस्तक प्रदर्शन तोंडावर आलेलं. भावाने ड्रॅगनचं पान उघडलं. पुस्तक जवळ नेलं. लांब धरलं. उलटं केलं.

"ताई, माझं तोंड कुठाय?"

शिवण

इथे. दोन पानं जिथे दोऱ्याने जोडतात त्या खाचेत. इकडे एक कान, तिकडे एक कान, बाकी सगळं गिळंकृत.

चित्राच्या बरोबर मधोमध कुणाचं तोंड काढायचं नसतं, हे थोरली नवख्यांना दरडावून शिकवायची. पण टेबलावर कागद सपाट असतो, आणि ती खवल्यांत बुडालेली.

पुन्हा डावं पान

"आधी गोष्टीतलं माझ्या तोंडाचं भाषण कापून दोन ओळींचं केलंस," भाऊ म्हणाला, "आता तोंडच शिवून टाकलंस!"

"अरे, मुद्दाम केलं का मी?"

"तुझ्या लग्नाच्या फोटोतसुद्धा माझा एकच कान आलाय."

"ऐन वेळी शिंकलास तू!"

"मधल्याचं हेच होतं. माझी गोष्ट मला परत दे. तू सापाचं पुस्तक काढ, त्याला एकच तोंड असतं."

आणि तो कागदाच्या गठ्ठ्यावर पाठ फिरवून बसला. लहानपणी रुसला की असाच बसायचा, फक्त तेव्हा गठ्ठा एवढा दबायचा नाही.

"नवीन चित्र?" धाकटीने जांभई देत विचारलं.

"प्रदर्शन उठेल तोवर."

थोरलीने भावाच्या पाठीकडे पाहिलं. पुस्तक गेलं तर गेलं, पण हा खरंच उठून गेला तर पुढच्या गोष्टी कुणाशी भांडत रंगवायच्या?

"चित्र डावीकडे सरकव," ती धाकटीला म्हणाली.

धाकटीने संगणकावर सरकवलं. मधलं तोंड खाचेतून सुटून ऐटीत डाव्या पानावर आलं. पेंगुळलेलं तोंड उजव्या पानावर झोपलेलंच राहिलं. डावीकडचं तोंड मात्र कडेबाहेर गेलं. उरला नुसता मानेचा बाक.

"ताई, तू कापली गेलीस की!"

"जाऊ दे. तेवढीच माझी मान मोकळी होईल. उजवीकडे जागा उरली ना? तिथे ह्याचं भाषण घाल. अख्खं."

कागदाचा गठ्ठा कुरकुरला. भाऊ वळला.

"अख्खं?"

"हो रे बाबा, अख्खं."

तो पडद्याजवळ आला. स्वतःच्या तोंडाकडे समाधानाने पाहिलं, मग त्या बिनडोक्याच्या मानेकडे. बराच वेळ पाहिलं.

"असं कसं चालेल? मुलं विचारतील, तिसरं तोंड गेलं कुठे." त्याने खिशातून भाषणाचा कागद आणि पेन काढलं. भाषणाच्या चार ओळी त्याने स्वतःच खोडल्या. असं पूर्वी कधी घडलं नव्हतं. त्या जागी एकच ओळ लिहिली आणि थोरलीपुढे सरकवली.

पानाबाहेर

"थोरलं तोंड पानाबाहेर डोकावून पाहत होतं, कारण बाकीची दोघं बडबडत आणि झोपत असताना पहारा कुणीतरी द्यायला हवा होता."

थोरलीने ओळ वाचली आणि चष्मा पुसायला घेतला. चष्मा स्वच्छच होता.

"चढवू का यंत्रावर?" धाकटी म्हणाली. मग तिचे डोळे प्रथमच पूर्ण उघडले. "एक मिनिट. माझ्या तोंडाला एकही वाक्य नाही?"